७५ गॅलनच्या टँकमध्ये सॉफ्ट कोरल माजलेत: काय कापायचं, काय हलवायचं, आणि दगड का उकळायचे नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत घरी ७५ गॅलनचा रीफ टँक (जिवंत प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) आहे, तीन वर्षं झाली. मधल्या दगडावरच्या टोडस्टूल लेदर या छत्रीसारख्या सॉफ्ट कोरलची (कठीण सांगाडा नसलेल्या प्रवाळाची) टोपी फूटभर पसरली आहे. डावा दगड झेनिया या उघडमीट करणाऱ्या सॉफ्ट कोरलने भरून गेलाय. जीएसपीची (ग्रीन स्टार पॉलिप या सॉफ्ट कोरलची) जांभळी चटई टॉर्च या कठीण कोरलच्या बुंध्याला टेकली आहे आणि उजव्या कोपऱ्यात तपकिरी पॅलीथोआ या बटणासारख्या कोरलचा गठ्ठा वाढतोय. पाण्यातलं नायट्रेट २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग). नायट्रेट शून्यावर आणलं तर हे सगळं आपोआप आवरेल का, आणि नाही आवरलं तर दगड बाहेर काढून उकळले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो जिवाशी खेळ आहे. दगड उकळायचे नाहीत. गरम पाण्याने घासायचे नाहीत, वाफेच्या मशीनने साफ करायचे नाहीत, ओव्हनमध्ये टाकायचे नाहीत. पॅलीथोआ आणि तिची नातलग असलेली काही झोअँथिड (हौशी लोकांच्या भाषेत 'झोआ') यांच्यात पॅलीटॉक्सिन नावाचं विष असतं. मूर आणि शॉयर या संशोधकांनी १९७१ साली ते हवाईतल्या पॅलीथोआपासून वेगळं काढलं, आणि आजही ते निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांत गणलं जातं. ते उष्णतेने नष्ट होत नाही. उकळल्यावर वाफेबरोबर हवेत जातं आणि घरातल्या सगळ्यांच्या फुप्फुसात पोचतं. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात घरांत आणि मत्स्यालयाच्या दुकानांत अशा बाधा झाल्याची सरकारी नोंद आहे. कुठल्या पॅलीथोआत विष आहे आणि कुठल्यात नाही हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. रंगीत आणि महागडी झोआ निर्धोक, तपकिरी तेवढी वाईट, असा एक समज आहे. त्याच्यावर विसंबू नका. सगळ्यांना एकच नियम लावा.

आता नायट्रेट. झेनियाला मुद्दाम खायला घालावं लागत नाही. ती प्रकाशावर आणि पाण्यात विरघळलेल्या पोषक द्रव्यांवर जगते. तिची ती उघडमीट करणारी हालचालसुद्धा शिकारीसाठी नसते. तांबड्या समुद्रातल्या झेनियाच्या जवळच्या एका जातीवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की या हालचालीमुळे अंगाजवळ साचलेला ऑक्सिजन दूर होतो आणि प्रकाशसंश्लेषण वाढतं. म्हणजे दिवे चालू आहेत तोवर तिचं बऱ्यापैकी भागतं. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेलेत तर झेनिया कदाचित आक्रसेल, पण तिच्या आधी टॉर्च फिका पडेल आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशी जिवांचा तपकिरी, बुडबुडे धरलेला शेंबूड येईल. तो घालवण्यापेक्षा झेनिया घालवणं खूप सोपं. नायट्रेट २० वरून ५ ते १० पर्यंत सावकाश आणा, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या मध्ये राहू द्या. त्याने वाढीचा वेग थोडा कमी होईल. जागा मात्र हातानेच मोकळी करावी लागेल.

हे सगळं करायचं की नाही, हे तुम्हाला टँकमध्ये काय हवंय त्यावर आहे. टॉर्च नसता, नुसता सॉफ्ट कोरलचा टँक असता, तर मी झेनियाला हात लावू नका म्हटलं असतं. लेदर तेवढं छाटलं की झालं. पण टॉर्च वाचवायचा असेल तर तुमच्यापुढे चार वेगळ्या अडचणी आहेत आणि चौघांना चार वेगळे उपाय लागतात. लेदर सावली पाडतं, प्रवाह अडवतं आणि पाण्यात रसायनं सोडतं. झेनिया दगड व्यापते. जीएसपी चटईसारखी सरकत येऊन शेजाऱ्याच्या बुडाखाली शिरते. पॅलीथोआ बाकीच्यांना फारसा त्रास देत नाही, तुम्हाला देऊ शकते. लोक चौघांवर एकच कात्री चालवतात, आणि झेनिया महिन्याभरात दुप्पट होऊन परत येते.

सर्वांत आधी, कापण्याच्याही आधी, टॉर्च हलवता येतो का ते बघा. बुंधा दगडाला फक्त ग्लूने चिकटवलेला असेल तर जीएसपीशी झुंजण्यापेक्षा टॉर्च उचलून सहा-आठ इंच लांब ठेवणं हे दहा मिनिटांचं काम आहे. जीएसपीची किनार बुंध्याच्या सांगाड्यावर चढली असेल तर तेवढा भाग ब्लेडने खरवडून काढा, जिवंत मांसाला न लागता. टॉर्चलाही लांब डंखदार तंतू असतात, रात्री ते आणखी ताणतात. म्हणून नव्या जागीही चोहोबाजूंनी सहा इंच मोकळी जागा लागेल.

तयारी. ७५ गॅलनच्या टँकमध्ये दगड-वाळू वजा जाता साधारण ६० गॅलन, म्हणजे २३० लिटर पाणी असतं. कापण्याच्या आदल्या दिवशी २० गॅलन मिठाचं पाणी तयार ठेवा, आरओडीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात, विशिष्ट गुरुत्व १.०२६, तापमान टँकइतकंच. यातलं नऊ-दहा गॅलन त्या दिवशीच्या पाणीबदलाला, उरलेलं अडीअडचणीला. ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातली रसायनं शोषणारा कोळसा) दर १०० लिटरला ५० ग्रॅम या हिशोबाने घ्या, म्हणजे संपसकट (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीसकट) सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. आरओच्या पाण्यात काळं पाणी जाईपर्यंत धुवा आणि संपमध्ये पाणी आरपार जाईल अशा जागी पिशवीत ठेवा; नुसती तरंगत सोडलेली पिशवी अर्धंच काम करते. कार्बन कापण्याच्या आधी घालायचा, नंतर नाही. लेदर कापलं की त्यातली टर्पिन वर्गातली रसायनं तासाभरात पाण्यात उतरतात. हीच रसायनं टॉर्च आणि इतर कठीण कोरलना अंग मिटून घ्यायला लावतात. कार्बन तीन-चार दिवसांनी बदला, मग पुढचे तीन आठवडे दर आठवड्याला.

लेदर. आधी ते निरोगी आहे याची खात्री करा. लेदर अधूनमधून चकचकीत मेणासारखी कात टाकतं, तेव्हा पॉलिप (त्याच्यावरची फुलासारखी बारीक तोंडं) मिटलेले असतात आणि चार दिवस ते आठवडाभर, कधी त्याहून जास्त तसंच राहतं. त्या काळात कापू नका. कात गळून पॉलिप पुन्हा उघडले की दोन-तीन दिवसांनी कापा. टोपी फूटभर झाली असेल तर कडा छाटून उपयोग नाही, सहा महिन्यांत परत तिथेच याल. टोपी पूर्ण उतरवा. दगड उचलता येत असेल तर टँकच्याच पाण्याच्या बादलीत घ्या, नसेल तर टँकमध्येच कापा, पण आधी रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर आणणारा) आणि वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) बंद. एका हाताने टोपी धरा आणि नव्या ब्लेडने किंवा धारदार स्टेनलेस कात्रीने दांडा एका फटक्यात आडवा कापा. खाली कमीत कमी दोन इंच दांडा राहिला पाहिजे. करवतीसारखं मागे-पुढे करू नका. फाटलेली कड सडते, सरळ कापलेली कड भरून येते. टोपी लगेच बादलीत टाका आणि जखमेजवळचा चिकट स्राव अर्ध्या इंची नळीने ओढून घ्या. तेच पाणी पाणीबदलात धरा.

कापल्यावर दांडा आक्रसून बुटका होईल. दोन-चार आठवडे तो नुसता खुंट दिसेल, मग त्याच्या डोक्यावर बारीक पॉलिप उगवतील आणि नवी टोपी धरेल. तोवर त्याच्यावरून मध्यम प्रवाह जात राहील असा वेव्हमेकर वळवा, म्हणजे स्राव साचणार नाही. खुंटावर तपकिरी-पांढरा लगदा दिसला आणि कुजका वास आला तर वाट बघू नका. सडलेला भाग निरोगी मांसापर्यंत पुन्हा कापून टाका आणि कार्बन त्याच दिवशी बदला. वास घेऊन बघणं हे या कामात कुठल्याही टेस्ट किटइतकंच उपयोगी आहे.

टोपीचे पिझ्झासारखे आठ तुकडे होतील, प्रत्येक तुकडा लेदर होऊ शकतो. ग्लूने चिकटवायला जाऊ नका, स्रावामुळे ते दुसऱ्या दिवशी सुटून स्किमरजवळ (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राजवळ) सापडतात. तुकड्याच्या जाड भागातून प्लास्टिकची टूथपिक आडवी घाला आणि तिच्या दोन्ही टोकांना रबरबँड अडकवून खालच्या लहान दगडाला बांधा. रबरबँड मांसावर थेट गुंडाळलात तर तो कापत जातो. दुसरा मार्ग म्हणजे क्राफ्टच्या दुकानात मिळणारी ओढणीची मऊ जाळी: तुकडा दगडावर ठेवून वरून जाळी आणि जाळीला खालून रबरबँड. दहा-पंधरा दिवसांत तो स्वतःहून पकड घेतो. दोन-तीन तुकडे ठेवा. आठही ठेवलेत तर दोन वर्षांनी हाच प्रश्न आठपट होईल.

लेदरनंतर दहा ते चौदा दिवस थांबा. या काळात टॉर्च कसा उघडतोय, स्किमर किती फेस काढतोय, अमोनिया शून्य आहे का, एवढंच बघायचं. स्किमर पहिले दोन दिवस वेड्यासारखा भरून वाहील. हवा किंवा पाण्याची पातळी कमी करा, बंद करू नका. टॉर्च सलग दोन दिवस मिटलेला राहिला तर राखून ठेवलेल्या पाण्यातून १५ टक्के बदल करा आणि कार्बन नवा घाला.

झेनियाला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो. तिच्या बुडाचा नखाएवढा तुकडा दगडाच्या भेगेत राहिला तरी पुन्हा झुडूप होतं. टूथब्रशने घासणं हा सर्वांत वाईट मार्ग: बारीक तुकडे टँकभर उडतात, प्रवाहाबरोबर उजव्या दगडावर जातात आणि तिथे नवी वसाहत सुरू होते. डावा दगड सुटा असेल तर बादलीत काढा आणि छिन्नीने किंवा बोन कटरने झेनियाखालचा दगडाचा तीन-चार मिलिमीटरचा पापुद्राच उडवा. फक्त झेनिया कापण्यात अर्थ नाही, ती ज्या सालीवर बसली आहे ती साल गेली पाहिजे. दगड एपॉक्सीने पक्का केलेला असेल तर पंप बंद करून ब्लेड बुडाखाली सरकवा आणि नळीचं तोंड इंचभर अंतरावर धरून सुटलेलं सगळं ओढून बादलीत घ्या. फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) नळी सोडून पाणी परत टँकमध्ये वळवण्याचा मोह होतो, पाणी वाचतं म्हणून. पण झेनिया चिरडली की तिचा रसही त्याच पाण्यात असतो. बादलीच बरी.

एका वेळी वसाहतीचा एक तृतीयांश भाग काढा, दोन बैठकांमध्ये दहा-चौदा दिवस ठेवा. हे फक्त रसायनांसाठी नाही. झेनियाचा एवढा मोठा गठ्ठा रोज तुमच्या टँकमधलं नायट्रेट आणि फॉस्फेट ओढत असतो, माशांच्या अन्नातलं बरंचसं त्याच्या पोटात जातं. तो एका दिवसात काढलात तर दोन आठवड्यांत दोन्ही आकडे चढतात आणि मोकळ्या दगडावर हिरवे केसाळ शेवाळ येतं. मग लोक म्हणतात की झेनिया काढली आणि टँक बिघडला. टप्प्याटप्प्याने काढली की स्किमर आणि बॅक्टेरियांना जम बसवायला वेळ मिळतो. या काळात दर आठवड्याला दोन्ही चाचण्या करा आणि माशांचं खाणं थोडं कमी करा. मोकळा दगड मोकळाच ठेवू नका. तिथे शेवाळ खाणारे दोन-तीन ट्रोकस शंख सोडा किंवा तुम्हाला हवं ते एखादं कोरल लावा. रिकामी जागा कुणीतरी धरणारच.

भेगेत राहिलेल्या ठिपक्यांसाठी कालवास्सरची, म्हणजे चुन्याची, पेस्ट. एक सपाट चमचा कॅल्शियम हायड्रॉक्साइड चमचा-दीड चमचा आरओच्या पाण्यात दह्याइतकं घट्ट कालवा, बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरा, पंप बंद करून झेनियाच्या ठिपक्यावर थेंब ठेवा आणि अर्धा तास पाणी हलू देऊ नका. दिवसाला अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त नको. कारण असं: एक चमचा, म्हणजे अडीच-तीन ग्रॅम, २३० लिटर पाण्याची अल्कलिनिटी साधारण ०.८ ते १ डीकेएचने (हे अल्कलिनिटीचं एकक) वाढवतो. रोज तेवढा घातलात तर आठवड्यात टॉर्चला झटका बसेल. पेस्ट मोठ्या गठ्ठ्यावर चालत नाही. वरचा थर जळतो, खालचा जगतो आणि कुजणारा थर पाण्यात अमोनिया सोडतो. डोळ्यांना चष्मा लावा, चुना डोळ्यात गेला तर गंमत नाही.

जीएसपी त्यामानाने सरळ. चटईची एक कड ब्लेडने उचला आणि हळू ओढा, बहुतेक वेळा हातभर पट्टा अख्खा सुटतो. मागे जांभळे ठिपके राहतील, ते पुन्हा हिरवे होतील. म्हणून संपूर्ण उच्चाटनाच्या मागे न लागता हद्द ठरवा आणि दर पाणीबदलाला त्या रेषेवरून ब्लेड फिरवा, पाच मिनिटं लागतात. जीएसपी आवडत असेल तर सोललेला पट्टा मागच्या काचेवर लावा. तिथे ती दोन वर्षांत हिरवी भिंत करते आणि वाढली की काचेवरून खरवडायला अगदी सोपी. झेनियाचाही एखादा तुकडा ठेवायचा असेल तर तो वाळूत एकट्या दगडावर ठेवा, मुख्य दगडांपासून चार इंच लांब. वाळूचा तेवढा पट्टा ती सहसा ओलांडत नाही, पण वर वाढून शेजारच्या दगडाला टेकली तर तिथून पलीकडे चढते. त्यामुळे उंचीवरही लक्ष हवं.

पॅलीथोआ शेवटी घ्या, आणि घ्यायचीच असेल तर. गठ्ठा कोपऱ्यात गप्प बसला असेल आणि टॉर्च दूर गेला असेल तर मी तो तसाच राहू देईन. काढायचा ठरवलात तर पॉलिप कापू नका, खरवडू नका. ज्या छोट्या दगडावर तो आहे तो दगडच पाण्याखाली सुटा करून उचला. कोपरापर्यंतचे नायट्रिल हातमोजे, चारही बाजूंनी बंद चष्मा, हातावर जखम असेल तर त्या दिवशी काम नाही. पिळल्यावर ही जात पाण्याची चिळकांडी सोडते, ती नेमकी डोळ्यांच्या दिशेने येते. दगड झाकणाच्या बादलीतून थेट बाहेर न्या, गॅरेजमध्ये नाही, अंगणात. तिथे एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग थंड पाणी, या मिश्रणात किमान अर्धा तास बुडवून ठेवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही. थंडीत घराच्या खिडक्या बंद आणि हीटर चालू असतो, तेव्हा हे काम घरात करणं म्हणजे तीच विषारी हवा घरभर फिरवणं. कुत्रा-मांजर, मुलं, कुणीच जवळ नको. नंतर तोंडात धातूची चव, ओठ किंवा बोटं मुंग्या आल्यासारखी, ताप, छातीत दडपण, डोळ्यात आग यांतलं काही जाणवलं तर पॉयझन कंट्रोलला १-८००-२२२-१२२२ वर फोन करा, श्वास जड झाला तर सरळ ९११. डॉक्टरांना "पॅलीटॉक्सिन" हा शब्द सांगा, कारण लक्षणं फ्लूसारखी असतात आणि सांगितल्याशिवाय कुणाला सुचणार नाही.

एकूण क्रम लावायचा तर: आज कार्बन आणि टॉर्च, या शनिवारी लेदर, दोन आठवड्यांनी झेनियाचा पहिला एक तृतीयांश भाग आणि त्याच दिवशी जीएसपीची हद्द, मग झेनियाच्या आणखी दोन बैठका. सात-आठ आठवड्यांचं काम आहे. एका रविवारी उरकायला जाऊ नका.

उरलेले निरोगी तुकडे जवळच्या रीफ क्लबला द्या किंवा दुकानात देऊन त्या बदल्यात दुकानाचं क्रेडिट घ्या. लेदर आणि जीएसपी लगेच जातात, झेनिया प्रवासात विरघळते म्हणून ती दगडासकटच द्या. कुणी घेतलं नाही तर घट्ट पिशवीत बांधून कचऱ्यात. समुद्रात किंवा खाडीत काहीही सोडायचं नाही. झेनियाच्याच कुळातलं उनोमिया स्टोलोनिफेरा हे इंडो-पॅसिफिकमधलं कोरल व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर पसरून तिथल्या खऱ्या प्रवाळांवर चढलंय, ते मत्स्यालयाच्या व्यापारातून आलं असं मानलं जातं. पुढे ते हवाईत पर्ल हार्बरलाही सापडलं. हे वाचणारे जे भारतात टँक ठेवतात त्यांच्यासाठीही हेच: मालवणला किंवा गोव्याला फिरायला जाताना जास्तीचे तुकडे "निसर्गात परत" सोडण्याची कल्पना मनातही आणू नका. मालवणच्या उथळ पाण्यात आधीच स्वतःचे प्रवाळ आहेत. आणि कठीण प्रवाळ, काळं पोवळं, समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे भारतात तुकड्यांची देवाणघेवाण करताना कुठली जात आहे हे नक्की माहीत असायला हवं.

कापणीच्या बादलीतलं पाणी घरातल्या सिंकमध्ये किंवा टॉयलेटमध्ये ओता. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात नको, ते प्रक्रिया न होता सरळ ओढ्याला आणि पुढे खाडीला मिळतं.